ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) केमो चालू असताना लेकराची किडनी कशी सांभाळायची: वही, मापाचा जार आणि आपल्या नेहमीच्या चुका

राउंडवर डॉक्टर विचारतात, लघवी किती झाली? आणि आपण सांगतो, हो झाली ना सर, तीन-चारदा झाली, चांगली झाली. आता तीन-चारदा म्हणजे १०० मिली की ६०० मिली हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. पहिले दोन दिवस मीही असंच सांगायचे. माझी पोरगी तेव्हा ४ वर्षांची, वजन १४ किलो, उंची १०० सेंटीमीटर. आता तिची ट्रीटमेंट संपली आहे, पण ओळखीतून कोणी ना कोणी फोन करतच राहतं आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच नीट लिहून काढते. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरच ठरवणार, त्यात आपण पडायचं नाही. आपलं काम मोजायचं, लिहायचं आणि वेळेवर सांगायचं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी गाळून टाकते तो कचरा. रक्तात ते वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं काम बरंच मंदावलेलं असतं, बऱ्याचदा लघवीचा आकडा त्याच्या आधी घसरतो, आणि तो आकडा रात्रभर लेकराजवळ बसलेल्या माणसालाच कळतो.

१. ॲडमिट व्हायच्या आधी किंवा त्याच दिवशी: सामान आणि पहिलं पान

सामान फार नाही. आकडे छापलेले प्लास्टिकचे दोन जार, अर्धा लिटरचे चालतील, एक लघवीसाठी आणि एक पिण्याच्या गोष्टी मोजायला, आणि दोन्ही वेगळ्या रंगाचे घ्या नाहीतर रात्री दोन वाजता घोटाळा होतो. डायपर वापरत असाल तर किचनचा डिजिटल काटा. लांब वही, पेन दोऱ्यानं वहीलाच बांधून ठेवा. थर्मामीटर. हातमोज्यांचं एक पाकीट, कारण केमोनंतर साधारण ४८ तास लघवीतून, उलटीतून औषध बाहेर पडत असतं, ते उघड्या हातानं हाताळायचं नाही, आणि टॉयलेटचं झाकण असेल तर ते लावून दोनदा फ्लश करायचं.

घरून तुमचा नेहमीचा ग्लास, वाटी, फुलपात्र घेऊन या आणि एकदा पाणी भरून जारात ओतून बघा किती मावतं. आमचं फुलपात्र मला १०० मिलीचं वाटायचं, निघालं १६०. म्हणजे मी दिवसभर जे लिहीत होते ते सगळंच चुकीचं.

वहीच्या पहिल्या पानावर ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीचे आकडे लिहा: वजन, उंची, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, बीपी. सोनोग्राफीत किडन्या मोठ्या दिसल्या असं लिहिलं असेल तर तेही उतरवा, ल्युकेमियाच्या पेशी किडनीत जाऊन बसल्या की असं होऊ शकतं. लेकराला आधी कधी लघवीचं इन्फेक्शन झालं असेल, घरात सिकलसेल असेल किंवा जी-सिक्स-पीडीची (लाल पेशी सांभाळणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता कोणाला सांगितली असेल तर न विचारता सांगा. विदर्भात सिकलसेल भरपूर आहे, ते डॉक्टरांना माहीतच असतं, पण तुमच्या घरात कोणाला आहे ते तुम्हीच सांगणार ना. जी-सिक्स-पीडीचं का, ते पुढे येतं.

सावधान: लॅबच्या रिपोर्टवरचं 'नॉर्मल' मोठ्या माणसाचं असू शकतं. इथे सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून थोडं थांबते. बऱ्याच लॅब क्रिएटिनिनची रेंज ०.६ ते १.२ अशी छापतात, ती मोठ्यांची. लहान लेकराचे स्नायू कमी, म्हणून त्याचं क्रिएटिनिन ०.३-०.४ असंच असतं. आता माझ्या पोरीचं ०.४ वरून ०.९ झालं असतं तर कागदावर काहीच ठळक छापून आलं नसतं, आणि आम्ही म्हटलं असतं चला नॉर्मल आहे. मुलांसाठी डॉक्टर एक सोपं गणित वापरतात: उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. १०० सेंटीमीटर उंची आणि ०.४ धरलं तर उत्तर १०३, म्हणजे किडनी छान चालली आहे. तेच ०.९ धरलं तर उत्तर ४६, म्हणजे काम निम्म्याहून खाली. किडनी बिघडत असताना क्रिएटिनिन रोज बदलतं, तेव्हा हे उत्तर तंतोतंत नसतं, पण छापील रेंज किती झोपवते ते कळायला पुरेसं आहे. म्हणून रिपोर्ट छापील रेंजशी नाही, पहिल्या पानावरच्या स्वतःच्या आकड्याशी जुळवा. दीडपट झालं की त्याच दिवशी दाखवा.

२. वही कशी लिहायची

पाच रकाने पुरे: वेळ, आत काय गेलं, बाहेर काय आलं, लघवीचा रंग, शेरा. आत म्हणजे पाणी, दूध, वरणाचं पाणी, औषधासोबत प्यायलेलं पाणी सुद्धा, आणि सलाईन. सलाईनचा आकडा पंपावर दिसतो, नाही कळला तर सिस्टरला विचारा. बाहेर म्हणजे लघवी, उलटी, पातळ शी.

लघवीचा क्रम असा: आधी जारात, मग सपाट जागेवर ठेवून डोळ्याच्या पातळीवर आकडा बघायचा, मग लिहायचं, आणि मगच ओतायचं. आधी ओतून मग "दोनशे असेल" लिहायचं नाही. डायपर असेल तर कोरं डायपर एकदा तोलून ठेवा, ओलं तोला, वजा करा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली. लघवीत शी मिसळली तर अंदाज लिहा पण शेऱ्यात "मिसळलं" असं लिहा.

दर सहा तासांनी बेरीज करा. हे लोक करत नाहीत, चोवीस तासांची बेरीज सकाळी करतात आणि मग कळतं की रात्री दहापासून काहीच झालं नव्हतं. साध्या दिवशी किलोमागे तासाला १ मिलीपेक्षा कमी लघवी ही काळजीची गोष्ट. १४ किलोचं लेकरू म्हणजे तासाला १४, सहा तासांत ८४ मिली. पहिल्या आठवड्यात मात्र सलाईन धो धो चालू असतं, तेव्हा अपेक्षा खूप जास्त असते, आम्हाला किलोमागे तासाला ३ मिली सांगितली होती, म्हणजे सहा तासांत अडीचशे. तुमचा आकडा डॉक्टरांकडून घ्या आणि वहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहा.

आणखी एक भानगड, ड्युटी बदलण्याची. दिवसा आई, रात्री बाबा, मध्ये आजी. आजी प्रेमानं लघवी ओतून, जार धुऊन, उपडा घालून ठेवते. आमच्या सासूबाईंनी दोन दिवस हेच केलं, स्वच्छतेच्या नादात. रागावून उपयोग नाही, त्यांना आकडा वाचता येत नसेल तर जारावर मार्करनं रेघा मारून द्या, "दुसऱ्या रेघेपर्यंत" एवढं सांगितलं तरी पुरतं.

तपासणी: सहा तासांची बेरीज ठरलेल्या आकड्यापेक्षा खाली, किंवा आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यात मोठी तफावत? राउंडची वाट बघू नका, तेव्हाच सिस्टरला वही दाखवा.

३. पहिला आठवडा: पेशी फुटतात तेव्हा

केमो सुरू झाली की ल्युकेमियाच्या पेशी एकदम मोठ्या संख्येनं फुटतात, कधीकधी केमोच्या आधीच फुटायला लागतात. त्यांच्या आतलं सगळं रक्तात सांडतं: पोटॅशियम वाढतं, फॉस्फरस वाढतं, युरिक ॲसिड वाढतं आणि कॅल्शियम खाली येतं. युरिक ॲसिडचे खडे किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात. याला डॉक्टर टीएलएस (ट्युमर लायसिस सिंड्रोम) म्हणतात. ज्यांच्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला खूप जास्त असतात त्यांना धोका जास्त, आणि पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक.

क्रम लक्षात ठेवा. आधी सलाईन, केमो नंतर. "दोन दिवस झाले, नुसतं सलाईनच लावून ठेवलंय, काहून केमो देत नाही हे लोक" असं चिडणारे बाबा मी पाहिलेत (आमच्याच घरातले). ते सलाईन म्हणजेच किडनीची तयारी आहे. सोबत ॲलोप्युरिनॉल असतं, ते नवीन युरिक ॲसिड बनू देत नाही. आधीच वाढलेलं युरिक ॲसिड मोडायचं असेल तर रास्ब्युरिकेज नावाचं इंजेक्शन असतं. ते जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्याला देत नाहीत, लाल पेशी फुटतात, म्हणून वर ते सांगायला लावलं. ते इंजेक्शन दिल्यानंतर युरिक ॲसिडसाठी काढलेलं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला जावं लागतं, नाहीतर नळीतच युरिक ॲसिड मोडत राहतं आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. नमुना तुम्हाला पोहोचवायला दिला तर मध्ये चहाला थांबू नका.

आता खाण्याचं. आमची आत्या काटोलहून पिशवीभर संत्री घेऊन आली आणि सोबत दोन शहाळी. आजारी लेकराला नागपुरात दुसरं काय आणणार कोणी! मी ग्लासभर रस काढलाच होता, सिस्टरनं हातातून घेतला. नारळपाणी, संत्रा, मोसंबी, केळी, टोमॅटोचं सूप, बटाटा, हे सगळं पोटॅशियमचं, आणि पोटॅशियम जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सलाईनमध्ये सुद्धा या दिवसांत मुद्दाम पोटॅशियम घालत नाहीत. दूध, पनीर, सुकामेवा यात फॉस्फरस, त्यामुळे तेही किती द्यायचं ते विचारून. कॅल्शियमचं सिरप स्वतःच्या मनानं तर मुळीच नाही. हे पथ्य कायमचं नसतं, रिपोर्ट स्थिर झाले की डॉक्टर सांगतील, मग खुशाल संत्री खाऊ द्या. ती संत्री आम्ही वॉर्डातल्या मावशींना दिली.

या आठवड्यात होणाऱ्या चुका: पोरगं झोपलं म्हणून सलाईन बंद करायला लावणं, पंप वाजला की बटन दाबून आवाज बंद करणं (सलाईन थांबलेलं असतं आणि कोणाला कळत नाही), आणि "किती रक्त काढता" म्हणून सहा-आठ तासांची तपासणी नाकारणं. शेवटचं तर फार होतं, जीव तुटतो आपला, पण नका करू.

पोटॅशियम अचानक खूप जास्त आलं तर डॉक्टर नमुना पुन्हा मागतील. लेकरू हात ओढतं, रक्त ओढताना पेशी फुटतात आणि आकडा खोटा वाढतो, तसंच पांढऱ्या पेशी खूप असल्या तरी होतं. पुन्हा द्या.

लगेच बोलवा: लघवी सहा तास नाही, बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या, हातपाय वाकडे होणं, झटका, छातीत धडधड, खूप गुंगी, श्वास लागणं.

आणि डायलिसिस शब्द आला की घरचे हादरतात, रडारड होते, कोणी म्हणतं घरी घेऊन जाऊ. टीएलएसमधलं डायलिसिस बऱ्याचदा थोड्या दिवसांचं असतं, सांडलेला कचरा निघाला की किडनी पुन्हा काम धरते. संमतीच्या कागदावर तासन्‌तास नातेवाईकांच्या फोनची वाट बघू नका.

४. डिस्चार्ज झाल्यावर घरी

पहिली गोष्ट, डिस्चार्ज कार्डावरची औषधं एकेक करून विचारा, कोणतं कधी बंद करायचं. ॲलोप्युरिनॉल घरी चालूच राहिलं आणि पुढच्या टप्प्यात सिक्स-एमपी म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन सुरू झालं तर दोन्ही मिळून रक्तातल्या पेशी खूप खाली जातात. जुनी स्ट्रिप डब्यात पडलेली असते, आजोबा इमानेइतबारे देत राहतात.

ताप आला तर: १००.४ फॅरनहाइट किंवा वर दिसला की आधी हॉस्पिटलला फोन, औषध नंतर. पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरतं, बीपी खाली जातं आणि किडनीला रक्त कमी पोचतं. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याहून येणाऱ्यांनी तर गाडी कोणाची, पैसे कुठे, रात्री जवळचं कोणतं हॉस्पिटल पहिलं इंजेक्शन देईल, हे आधीच ठरवून वहीत लिहून ठेवावं.

मेडिकलवाल्याकडून ताप-दुखीचं औषध आणायचं नाही. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक, ही तिन्ही किडनीचा रक्तपुरवठा कमी करू शकतात आणि प्लेटलेटचंही काम बिघडवतात. पॅरासिटामॉलच्या नावाखाली बऱ्याच सिरपमध्ये आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक मिसळलेलं असतं, बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा, वाचता येत नसेल तर फोटो पाठवा. काढे, भस्मं, कुठल्यातरी गावच्या वैद्याची पुडी, मुतखड्याचं पाणी, हे सगळं बंद. मला माहीत आहे घरात यावरून भांडणं होतात, आमच्याकडेही झाली.

उन्हाळा. नागपूरचा मे महिना आणि वर नवतपा, पारा ४५ च्या पुढे, त्यात लेकराला तोंड आलेलं, पाणी गिळवत नाही. दुपारी १२ ते ५ बाहेर काढूच नका, ओपीडीची वेळ शक्यतो सकाळची मागा. पाणी उकळून गार केलेलं, घोट घोट, दर पंधरा मिनिटांनी चमच्यानं दिलं तरी दिवसभरात बरंच जातं. बाहेरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस, पण खरं. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, छोटं २०० मिलीत, अर्धं पाकीट ग्लासात असं अंदाजानं नाही. गोड डबाबंद ड्रिंकवर ओआरएस असं लिहून विकायचे, त्याला एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानात जुना माल दिसला तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. किडनीचा त्रास आधी झालेला असेल तर ओआरएसही विचारूनच, त्यात पोटॅशियम असतं.

तपासणी: ८ तास लघवी नाही, डोळे आत गेले, जीभ कोरडी, रडताना अश्रू नाहीत. यातलं काहीही दिसलं की निघा.

५. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्झेट

हा टप्पा सगळ्यांना लागत नाही, पण लागला तर वही पुन्हा पहिल्या दिवसासारखी काटेकोर. हे केमोचं औषध किडनीतूनच बाहेर पडतं, आणि लघवी आम्लधर्मी झाली की नळ्यांत त्याचे खडे बसतात. मग औषध शरीरात अडकतं, तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी खाली जातात. लघवी भरपूर दिसत असूनही क्रिएटिनिन वाढू शकतं, त्यामुळे इथे नुसत्या वहीवर विसंबू नका.

आधी: सेप्ट्रान म्हणजे कोट्रायमॉक्सॅझोल, पॅन्टोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी, अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, व्हिटॅमिन सी किंवा फॉलिक ॲसिडचं टॉनिक, यातलं काही चालू असेल तर ॲडमिट होतानाच सांगा. कोला पेयं नाहीत, लघवी आम्लधर्मी होते.

चालू असताना: प्रत्येक लघवीचा पीएच (आम्लपणाचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्लधर्मी) पट्टीवर बघतात, ७ च्या वर हवा. पट्टी तुम्हाला करायला सांगितली तर घड्याळ लावून रंग जुळवा, जास्त वेळ ठेवलेली पट्टी खोटं बोलते. ७ च्या खाली गेला की लगेच सिस्टर, ते सोडाबायकार्ब (लघवीचा आम्लपणा कमी करणारं औषध) वाढवतात. लघवी या काळात पिवळीजर्द होते, त्याला घाबरू नका.

नंतर: ल्युकोव्होरिन हा उतारा आहे, मेथोट्रेक्झेट सुरू झाल्यापासून ठरलेल्या तासाला सुरू होतो आणि दर सहा तासांनी रात्रीचाही डोस असतो. तो चुकवायचा नाही, लेकरू झोपलंय म्हणून तर नाहीच. ल्युकोव्होरिनच्या जागी फॉलिक ॲसिडची गोळी चालत नाही, नावं जवळची आहेत, काम वेगळं. मेथोट्रेक्झेटची रक्तातली लेव्हल ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत घरी जायची घाई नको, "उद्या लग्न आहे" हे कारण मी स्वतः ऐकलंय.

सावधान: मेंटेनन्समधली (म्हणजे शेवटच्या, घरी गोळ्या घ्यायच्या लांब टप्प्यातली) मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. सिक्स-एमपी रोज. दोन्ही बारीक गोळ्या, अदलाबदल होऊन मेथोट्रेक्झेट रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर लाल गोल करा, आणि ती स्ट्रिप वेगळ्या डब्यात ठेवा.

६. लघवीचा रंग आणि बाकीची औषधं, थोडक्यात

डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल औषधं दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर-केशरी येते, ते रक्त नाही. सायक्लोफॉस्फमाइडनंतर मात्र लाल लघवी, जळजळ, गुठळ्या दिसल्या तर सांगायचं, त्यात मूत्राशयाला इजा होते. त्या दिवशी भरपूर पाणी आणि रात्री सुद्धा दर दोन-तीन तासांनी उठवून लघवीला न्यायचं, तुंबवून ठेवू द्यायची नाही.

अमिकासिन, व्हँकोमायसिन ही अँटिबायोटिकं, बुरशीसाठी ॲम्फोटेरिसिन ही किडनीवर ताण देतात. लागतात तेव्हा लागतातच, नको म्हणू नका, फक्त विचारा की क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम कधी बघणार. डाय टाकून सीटी स्कॅन असेल तर आधीचं क्रिएटिनिन दाखवा.

७. स्टेरॉइडचे आठवडे: गाल, सूज आणि बीपी

स्टेरॉइडनं गाल गुबगुबीत होतात, भूक भडकते, हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं, म्हणून खरी सूज पण त्यातच खपून जाते. फरक असा: स्टेरॉइडचा चेहरा हळूहळू भरतो आणि दिवसभर तसाच राहतो. पाणी साचलं तर सकाळी पापण्या सुजतात, नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबला तर खड्डा राहतो, आणि वजन एक-दोन दिवसांत अर्धा-एक किलो चढतं. म्हणून रोज सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन.

बीपी लहान मुलांचंही वाढतं आणि झटक्यापर्यंत जाऊ शकतं. कफ लहान मुलाचा हवा, मोठ्यांचा कफ लावला तर आकडा खोटा कमी येतो. लेकराला पाच मिनिटं शांत बसवून, मोबाईल दाखवत का होईना, मग मोजा, रडताना घेतलेलं धरू नका. तुमच्या लेकराच्या वयाला-उंचीला वरची मर्यादा किती ते डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या, १२०/८० हा आकडा विसरा. डोकं दुखणं, उलटी, नजर धूसर, बडबड विचित्र, यात बीपी बघायलाच हवं.

लघवी अचानक खूप व्हायला लागली, तहान थांबेना, तर खूश होऊ नका. स्टेरॉइड आणि ॲस्परॅजिनेज (केमोचं एक इंजेक्शन) मिळून साखर वाढवतात, साखर तपासा.

८. ट्रीटमेंट संपल्यावर

वही फेकू नका. पहिलं पान, कोणतं मोठं औषध किती वेळा मिळालं, डायलिसिस झालं असेल तर किती दिवस, सगळ्यात जास्त क्रिएटिनिन किती गेलं होतं, एवढं एका कागदावर उतरवून लॅमिनेट करून घ्या. फॉलोअपला बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघायला सांगा, उंची मोजूनच, कारण वरचं गणित उंचीवर चालतं आणि पोरं वाढत असतात. माझ्या पोरीची उंची आता १२४ आहे, क्रिएटिनिन ०.५. करून बघा गुणाकार, १०२ येतं.